जुन्या बोटीची टाकी डिझेल घेत नाही तेव्हा

नोझल टाकीच्या तोंडात घातला, खटका दाबला आणि दोन सेकंदांत 'टक्'. पुन्हा दाबला, पुन्हा 'टक्'. तिसऱ्या वेळी डिझेलची पिचकारी उलटी आली ती थेट शर्टावर. पंपावरच्या पोराने नजर वर न करता विचारले, "नवीन घेतलीत काय बोट?" बोट वीस-बावीस वर्षांची होती. नवीन मीच होतो.

देवगडच्या खाडीत उभी असलेली ही अठ्ठावीस फुटी फायबरची बोट मी जुन्या मालकाकडून घेतली. त्या पहिल्या दिवशी साठ लिटर डिझेल भरायला पाऊण तास गेला. नंतर मी जे केले तेच बहुतेक नवखे करतात. दुकानात गेलो, भरायचा जाड पाइप नवा आणला, डेकवरचे झाकणही नवे घेतले आणि दोन दिवस डेकखाली वाकून सगळे बसवले. पुढच्या खेपेला पंपावर गेलो, पुन्हा 'टक्'. शेजारच्या बोटीवर जाळे तुणत बसलेल्या तांडेलकाकांनी हे सगळे पाहिले होते. म्हणाले, "मेल्या, आदी तिका श्वास सोडूक वाट दी, मगे भर."

टाकी कधीच रिकामी नसते, हवेने भरलेली असते. साधा पंप मिनिटाला साधारण ३५ ते ४० लिटर डिझेल सोडतो, म्हणजे तेवढीच हवा त्याच मिनिटात टाकीतून बाहेर पडायला हवी. ती पडते बोटाएवढ्या बारीक एअर पाइपमधून. तो तुंबला की हवा भरायच्या पाइपातूनच उलटी येते आणि येताना डिझेल घेऊन येते. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असते. डिझेल वाहताना त्या भोकातून सतत हवा ओढली जाते. भोक डिझेलखाली बुडाले की हवा मिळत नाही, नोझलच्या आतला पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. टाकी भरली की नाही हे नोझलला कळत नाही. टोकाशी डिझेल आले, एवढेच त्याला कळते.

म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. आधी फुकटातल्या गोष्टी, मग हवेची वाट, आणि खर्चाचा जाड पाइप त्यानंतर.

आधी लक्षण नीट पाहा

टाकी जवळपास रिकामी असतानाच नोझल कट होत असेल, तर एअर पाइप बंद आहे किंवा जाड पाइप आतून बसला आहे. अर्ध्या-पाऊण टाकीपर्यंत सुरळीत जाते आणि मग अडते, तर बोट कशी उभी आहे ते बघा किंवा टाकीच्या आतल्या आडव्या पत्र्यांवर संशय घ्या. हळू भरले तर जाते, जोरात भरले की उलटते, असे असेल तर पाइप बारीक आहेत किंवा पंप मोठा आहे. नोझल बंद केल्यावर चार-पाच सेकंदांनी टाकी ढेकर देते आणि डिझेल उसळते, ती आत कोंडलेली हवा असते.

आणखी एक खूण आहे, ती मला फार उशिरा कळली. बोट महिनाभर उभी राहिल्यावर पहिली भरणी बरी होते, पण समुद्रातून हेलकावे खाऊन आल्यावर लगेच भरायला गेले की त्रास होतो. असे असेल तर एअर पाइपला कुठेतरी झोळ पडला आहे, म्हणजे तो मध्येच खाली लोंबला आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

हात लावण्यापूर्वी

इंजिन बंद, बॅटरीचा मेन स्विच बंद, बोटीवरचा स्टोव्ह-गॅस बंद, विडी-सिगारेट जेटीवर. डिझेल सहज पेटत नाही म्हणून आपल्याकडे लोक बिनधास्त असतात. पण भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३५ अंश सेल्सिअस एवढाच ठेवलेला आहे, आणि मे महिन्यात दुपारी बंद इंजिनरूममध्ये ३५ अंश ही काही मोठी गोष्ट नाही. अग्निशामक सिलिंडर हाताशी असू द्या.

तुमची बोट पेट्रोलची असेल आणि टाकी डेकखाली बसवलेली असेल, तर पुढच्या पायऱ्यांपैकी बाहेरून करायच्या तेवढ्याच करा. पाइप सोडवण्याचे काम माहितगार मेकॅनिककडे द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनच्या, सुट्या टाकीचा प्रश्न मात्र सोपा आहे. ती बोटीत न भरता उचलून जमिनीवर ठेवून भरायची. तिच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो, तो चालवताना उघडा लागतो. तो विसरल्यामुळे खाडीच्या मध्यावर इंजिन बंद पडलेले नवखे मी तरी दरवर्षी पाहतो.

आणि हो, डेकवर दोन सारखीच झाकणे असतील तर एक पाण्याच्या टाकीचे असते. हसू नका.

पायरी १: पंपावरची चूक काढून टाका

खटका पूर्ण दाबू नका, पहिल्या खाचेवर ठेवा. नोझल पूर्ण आत न घालता दोन-तीन इंच बाहेर ओढून धरा. नुसते फिरवूनही बघा, पाव फेरी, मग अर्धी. डेकखाली जाड पाइपला लगेच वळण असेल तर धार त्या वळणावर आपटते आणि उडालेले डिझेल नोझलचे भोक बुडवते. कोन बदलला की धार भिंतीला लागून सरळ खाली जाते. यातच काम झाले तर पुढे वाचायची गरज नाही.

पंप कुठला आहे तेही बघा. ट्रकसाठीचा जाड नोझल मिनिटाला ८० लिटर किंवा त्याहून जास्त सोडतो. मोठ्या ट्रॉलरला तो ठीक आहे, पण दीडशे लिटरच्या जुन्या टाकीला तो झेपत नाही.

आपल्याकडे बऱ्याच छोट्या बोटी पंपाने भरल्याच जात नाहीत. रस्त्यावरच्या पंपावरून ३५ लिटरचे कॅन येतात आणि नरसाळ्याने ओतले जातात. नरसाळे टाकीच्या तोंडात घट्ट बसले की हवेची वाट बंद होते आणि डिझेल 'गुडगुड' करत डबक्यासारखे वरच उभे राहते. नरसाळे आणि तोंड यांच्यामध्ये एक काडी ठेवा, नाहीतर नरसाळ्याच्या नळीला बाहेरून सुतळीचे दोन वेढे द्या. एवढ्या फटीने फरक पडतो. त्यानेही भागले नाही तर एअर पाइप बंद आहे हे जवळपास नक्की.

पायरी २: बोट कशी उभी आहे?

ओहोटीला बोट गाळात टेकली की एका कुशीवर कलते. टाकीचा एअर पाइप ज्या कोपऱ्यात आहे तो कोपरा खाली गेला तर डिझेल आधी तिथे पोहोचते, पाइपचे तोंड बुडते आणि उरलेली हवा दुसऱ्या उंच कोपऱ्यात अडकून बसते. मग टाकीत चाळीस लिटरची जागा असूनही ती 'भरली' म्हणते. किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर असली तरी हेच होते.

त्यामुळे बोट तरंगत असताना, सरळ असताना भरा. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत भरती-ओहोटीतला फरक मुंबईइतका नसतो, तरी खाडीच्या आतल्या उथळ जेटीवर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीची वेळ टाळलेली बरी. बोट सरळ करता येत नसेल तर दोन माणसे उंच बाजूला उभी करा. टाकी ढेकर देईल आणि पुढे घ्यायला लागेल.

पायरी ३: कॅरीबॅगची चाचणी

माझ्या मते सगळ्यात कामाची चाचणी हीच आहे, आणि खर्च शून्य. एअर पाइपचे बाहेरचे तोंड शोधा. ते बहुधा बोटीच्या काठाखाली बाहेरच्या अंगाला किंवा केबिनच्या भिंतीला असते, वाकवलेल्या हंसाच्या मानेसारखे किंवा छोट्या चपट्या डबीसारखे. त्यावर पातळ कॅरीबॅग, आतली हवा काढून, रबरबँडने बांधा. एकाने हळूहळू पाच-सात लिटर डिझेल सोडायचे, दुसऱ्याने पिशवी बघायची.

पिशवी लगेच फुगली तर हवेची वाट मोकळी आहे. थेट पायरी ६ वर जा. पिशवी लोळत पडून राहिली तर तुमचा प्रश्न सापडला. झटके देत फुगली आणि आतून 'बुडबुड' ऐकू आले, तर पाइपात डिझेल किंवा पाणी साचले आहे. चाचणी झाली की पिशवी काढायला विसरू नका. ती तशीच ठेवून इंजिन चालू केले तर टाकीत उलट ओढ तयार होते.

पायरी ४: एअर पाइपचे तोंड

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या ६१ दिवसांत बोटी किनाऱ्यावर झापांखाली, ताडपत्रीखाली उभ्या असतात आणि बोटीवर कुंभारीण माशीचे राज्य असते. तिला बोटभर जाडीचे, कोरडे, पावसापासून आडोशाला असलेले भोक हवे असते. एअर पाइपचे खाली वळलेले तोंड म्हणजे तिच्यासाठी बांधून ठेवलेले घर. ती ओली माती आणून आत खोली बांधते, कोळी भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. ऑगस्टमध्ये ती माती विटेसारखी झालेली असते. माझ्या बोटीत सलग तीन खोल्या निघाल्या, म्हणजे जुन्या मालकाच्या काळापासूनचे भाडेकरू होते.

दुसरा गुन्हेगार रंगारी. तोंडावर ठिणगी आणि किडे अडवायला बारीक तारेची जाळी असते. दरवर्षी हंगामाआधी बोट रंगवताना तिच्यावरून ब्रश फिरतो. चार हंगामांचे चार थर बसले की जाळीचा पत्रा होतो. शिवाय खारे पाणी सुकून मीठ धरते, ते वेगळेच.

साफ करायला सायकलच्या ब्रेकची जुनी तार उत्तम. लवचीक असते आणि वळणातून जाते. पण आधी पाइपचे टाकीकडचे टोक सोडवा आणि माती बाहेरच्या बाजूला ओढून काढा. बाहेरून ढकलत राहिलात तर ती टाकीत पडेल आणि पुढे फिल्टर तुंबवत राहील. जाळी खराब असेल तर नवी बसवा. काढून टाकून मोकळी ठेवू नका.

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून हवा मारायचा मोह होतो. टाकीला जोडलेल्या पाइपात कॉम्प्रेसर कधीही लावू नका. कारण आकड्यांत सांगतो. टाकीचा माथा ६० बाय ९० सेंटिमीटर धरा. त्याच्यावर फक्त एक मीटर उंचीचा डिझेलचा स्तंभ उभा राहिला, तरी आतून माथ्यावर साधारण साडेचारशे किलोचा जोर येतो. कॉम्प्रेसरचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. चौकोनी जुनी टाकी शिवणीवर फाटते, आणि ती डेकखाली फाटते. पाइप दोन्ही टोकांनी सोडवला असेल तरच हवा मारा. सायकलचा पंपही पुरतो.

पायरी ५: झोळ

तोंड साफ आहे, तरी पिशवी बुडबुडते. आता पूर्ण एअर पाइप हाताने चाचपत टाकीपासून तोंडापर्यंत जा. तो टाकीपासून सतत चढत गेला पाहिजे. वाटेत कुठेही खाली लोंबला तर त्या झोळात डिझेल साचते, जसे बेसिनखालच्या वाकड्या नळीत पाणी साचून राहते. बेसिनखाली ते मुद्दाम ठेवलेले असते, घाण वास अडवायला. इथे ते हवा अडवते. हेलकाव्यांनी थोडे डिझेल पाइपात चढते आणि झोळात बसते. प्रत्येक भरणीच्या वेळी आतल्या हवेला तो बूच ढकलावा लागतो.

जुन्या बोटीत झोळ का येतो? पट्ट्या तुटतात, कोणीतरी नवी वायरिंग टाकताना पाइप बाजूला सारतो, उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने पाइप मऊ पडतो. माझ्याकडे आधीच्या मेकॅनिकने लांब पडलेला पाइप न कापता वेटोळे करून मागे कोंबला होता. कुंभारणीची घरटी काढूनही निम्मा त्रास उरला होता, तो या वेटोळ्याचा. दीड फूट पाइप कापला, दर फुटावर पट्टी मारली, संपले.

पाइप बदलायचाच असेल तर इंधनाचाच घ्या. बागेला पाणी घालायची पारदर्शक नळी काही महिन्यांत कडक होऊन तडकते. आतला व्यास १६ मिलिमीटर, म्हणजे बाजारात ज्याला पाच-अष्टमांश इंच म्हणतात तो. जुन्या बोटींत कधी कधी आठ-दहा मिलिमीटरचा टाकलेला सापडतो. तो कितीही साफ केला तरी आजच्या पंपाला पुरणार नाही. तोंडाजवळ पाइपला वर उंच वळसा देऊन मगच बाहेर काढा, नाहीतर बाजूने येणारी लाट थेट टाकीत जाईल. हवेची वाट सुधारायच्या नादात हा वळसा कापून 'शॉर्टकट' केलेल्या बोटी नंतर फिल्टरमधून पाणी काढत बसतात.

पायरी ६: टाकीपाशी खात्री

आता डेक उघडा. टाकीच्या माथ्यावर एक जाड पाइप आणि दोन-तीन बारीक दिसतील. डिझेल इंजिनला एक लाइन जाते आणि एक परत येते, त्यामुळे दिसेल तो बारीक पाइप ओढू नका. बाहेरच्या तोंडापासून हाताने मागोवा घेत याल तोच एअर पाइप. तो टाकीच्या निपलवरून, म्हणजे ज्या छोट्या नळीवर तो बसवलेला असतो तिच्यावरून, सोडवा, निपलभोवती चिंध्या गुंडाळा आणि दहा लिटर हळू भरा. सुरळीत गेले तर दोष एअर पाइपातच आहे, पायरी ४ आणि ५ पुन्हा करा. निपल उघडा असूनही नोझल कट होत असेल तर आता, आणि आताच, जाड पाइपकडे वळा.

पायरी ७: जाड पाइप

बाहेरून ठणठणीत, आतून कुजलेला. जुन्या रबरी पाइपचा आतला थर सुटतो आणि पडद्यासारखा लोंबतो. डिझेल आत जाताना तो पडदा वाट अडवतो. टॉर्चचा उजेड वरून टाकून बघा, किंवा पाइप दाबून बघा. कडक लाकडासारखा किंवा चिकट-मऊ लागला तर त्याचे दिवस भरले. पेट्रोलच्या जुन्या बोटींत हे जास्त दिसते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुने रबर त्यासाठी बनवलेले नसते.

नवा पाइप दीड इंच आतल्या व्यासाचा, शक्य तितका सरळ, कुठेही चेपलेला नको. दोन्ही टोकांना दोन-दोन होज क्लिप. क्लिप घेताना खिशात चुंबक ठेवा. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, असा माल सर्रास मिळतो. पावसाळ्यापर्यंत स्क्रू गंजून जातो. डेकवरच्या पितळी तोंडापासून टाकीपर्यंत एक बारीक अर्थिंगची वायर असेल तर ती परत जोडा. काम संपल्यावर ती हमखास लोंबत राहते, माझीही राहिली होती.

टाकीच्या आत

इथवर सगळे ठीक असूनही अर्ध्यावर अडत असेल तर टाकीच्या आत आडवे पत्रे असतात, डिझेल हिंदकळू नये म्हणून. त्यांच्या वरच्या कडेला हवेसाठी खाच हवी. गावठी बनावटीच्या टाक्यांत कधी ती नसते, कधी गाळाने भरते. मग डिझेल एका कप्प्यातून दुसऱ्यात झिरपेपर्यंत थांबावे लागते. उपाय दोनच. हळू भरायची सवय लावून घ्या, नाहीतर टाकी बाहेर काढून फॅब्रिकेटरकडे न्या. टाकीला जागेवर वेल्डिंग किंवा ड्रिल करू नका, रिकामी असली तरी नाही. रिकाम्या टाकीत वाफ असते.

खटक्यात झाकण अडकवून नोझल उघडा ठेवणे हीसुद्धा जेटीवर रोज दिसणारी युक्ती. डिझेल समुद्रात जाते ते यातूनच. सांडले तर डेकवर भुसा टाका, चिंध्यांनी टिपा. पाण्यावरच्या तवंगावर साबण ओतू नका. तवंग दिसेनासा होतो, डिझेल तिथेच खाली मिसळते.

दुरुस्तीनंतर

टाकी जवळपास रिकामी असताना २०-२० लिटर मोजून भरा आणि प्रत्येक वेळी लाकडी पट्टी आत बुडवून खूण करा. जुन्या बोटीच्या गेजवर विश्वास ठेवण्यापेक्षा ही पट्टी बरी. शिवाय पुढच्या वेळी नोझल कट झाला तर टाकी खरीच भरली का, हे दोन सेकंदांत कळेल. पूर्ण काठोकाठ मात्र भरू नका. दहा अंश तापमान वाढले की २०० लिटर डिझेल साधारण पावणेदोन लिटरने फुगते. ते एअर पाइपात चढते आणि तिथून बाहेर.

मे अखेरीस बोट वर ओढताना टाकी नव्वद-पंचाण्णव टक्के भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा पावसाळ्यात आत पाणी सोडते. एअर पाइपच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्याने बांधा, म्हणजे कुंभारणीला आत जाता येणार नाही. प्लास्टिक नको, टाकीला श्वास लागतो. नारळी पौर्णिमेच्या गडबडीत तो तुकडा काढायचा राहू नये म्हणून मी इंजिनच्या चावीला लाल चिंधी बांधून ठेवतो.